आक्कांचा आवाज कोठीतून निघाला तो दसरा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. इथं न्हावऱ्यात होत्या तेव्हा बांधावर उभं राहून त्यांनी हाक मारली की आमचीच नाही, शेजारच्या वस्तीवरचीही गडीमाणसं जेवायला हात धुवायची. असला आवाज. आता त्या दौंडला लेकाकडं असतात. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तो गेलाच. बोलायचं ते पाटीवर लिहितात.

ऑपरेशनला जायच्या आधी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की आवाज राहील असं धरून चालू नका. मी काय केलं, त्यांना ओट्यावर बसवलं आणि फोन तोंडापुढं धरला. म्हटलं, आक्का, काहीतरी बोला.

"काय बोलू? भाषान करू व्हय?"

पण एकदा सुरू झाल्या आणि मग थांबेनात. ओट्यावर चढलेल्या कोंबडीला रागावल्या. काळ्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं ते सांगितलं. मी नवी नवरी असताना माझ्या भाकरीचा कसा भारताचा नकाशा व्हायचा, तेही सांगायचं सोडलं नाही. त्यांची सून तेव्हा पोटुशी होती, म्हणून शेवटी एक पाळणा म्हटला. म्हणता म्हणता मध्ये खोकल्या, हसल्या आणि पुन्हा म्हणाल्या.

ते सगळं मी माझ्या कॉम्प्युटरवर घेतलं. आता माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईकडं कॉम्प्युटर कुठून, तर कारेगावला कंपनीत फिटर असलेले माझे एक मामा आहेत. त्यांनी भंगारात निघालेलं एक मशीन आणून दिलं आणि त्यात लिनक्स घालून दिलं. म्हणाले, "पोरी, यात चित्रं कमी. काय पायजे ते लिहून सांगायचं." काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचं. बाकीच्यांना त्याची भीती वाटते, मला मात्र ते फार आवडलं. घरात मी सांगितलेलं कोण ऐकतंय? इथं ऐकतं. आणि ऐकायचं नसेल तर का नाही ते सांगतं. एवढं तर घरात कुणीच करत नाही. इंग्रजी अक्षरं जुळवत, डिक्शनरी मांडीवर घेऊन, चुकत चुकत मी शिकले.

मशीनमधली जागा थोडी, लवकर भरली. मग मामांनी नेटवर एक भाड्याची कोठी घेऊन दिली. आपण धान्य कोठीत भरून तोंड लिंपून टाकतो ना, तसं. एका प्रोग्रामनं सगळी रेकॉर्डिंगं तिकडं पाठवायची, मशीनमधली पुसायची आणि लागतील तेव्हा त्यानंच परत आणायची. त्या कोठीची किल्ली म्हणजे माझ्या मशीनमधली एक फाईल. फोन पुढं म्हशीच्या हौदात पडून गेला. म्हणजे आक्कांचा आवाज जगात एकाच ठिकाणी राहिला होता, त्या कोठीत.

आक्कांना नात झाली. आणि खंडेनवमीच्या दिवशी दुपारी दौंडहून त्यांच्या सुनेनं फोटो पाठवला, पाटीचा. पाटीवर आक्कांचं ते उभं, ठसठशीत अक्षर: "उद्या सोनं द्यायला याल तेव्हा माझा आवाज घेऊन या. बाळानं ऐकला नाही."

मी तशीच मशीनकडं निघाले.

पण त्या दिवशी मशीनला हात लावायची सोय नव्हती. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, कडबाकुट्टी, ट्रॅक्टर, सगळं धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि दिवसभर विसावा द्यायचा. वर्षभर राबतात बिचारी. आमच्या मालकांनी माझं मशीनही त्याच मांडणीत नेऊन ठेवलं होतं. सगळ्या वायरी काढून, वेटोळं करून, वर माळ. मी म्हटलं, "अहो, एवढं आक्कांचं काम—"

"आज न्हाई. हत्याराला एक दिस तरी सुखानं बसू दे. उद्या सकाळी कर की."

त्यांचंही बरोबर होतं. उद्या तर उद्या.

दसऱ्याला सकाळी चहा व्हायच्या आधीच मी मशीन जागेवर आणलं, वायरी जोडल्या, माळ तेवढी राहू दिली. हुकूम लिहिला, आक्कांचं रेकॉर्डिंग काढून दे. एंटर मारलं. नेहमी पडद्यावर टक्के चढायला लागतात. त्या दिवशी एकदम इंग्रजीची भलीमोठी ओळ आली आणि सगळं थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मालक मागं येऊन उभे. "काय म्हंतंय?"

"जोडता येत नाही म्हणतंय."

"काल हात लावला असशील चोरून. रुसलंय ते."

"मी कशाला लावीन! तुम्हीच कुंकू आत सांडलं असेल."

"कुंकवानं कुणाचं वाटुळं झालंय व्हय कवा?"

भांडायला वेळ नव्हता, दौंडची एसटी गाठायची होती. ठिबकचं पाणी शेवटच्या झाडाला पोचलं नाही तर आपण लगेच मोटार खोलत नाही. नळीच्या कडेनं चालत जातो, जोडा-जोडाला हात लावून बघतो, पाणी कुठपर्यंत आलंय. तसंच केलं. आधी नेट आहे का? लांबच्या एका मशीनला हाळी दिली, तिकडून "आहे, आहे" असं उत्तर येत राहिलं. म्हणजे नेट चालू. पासवर्ड? नीट अक्षर-अक्षर बघून घातला. तोही बरोबर. किल्लीची फाईल? जागच्या जागी. तरी कोठी उघडेना.

मग मामांना फोन लावला, स्पीकरवर. तिकडं ढोलाचा आवाज. "मामा, सोनं नंतर घेईन, आधी हे ऐका." सगळं सांगितलं.

"जुनं झालंय ते मशीन! सगळं पुसून नव्यानं टाकू. मी संध्याकाळी येतो. न्हाईतर तूच टाक, लिनक्सचा पेन ड्राईव्ह हाय की तुझ्याकडं."

मालक लगेच म्हणाले, "मामा सांगत्यात तर टाक की पुसून! बसलीस आपली बघत."

माझा हात खरंच पेन ड्राईव्हवर गेला होता. आणि मग डोक्यात आलं, सगळं पुसायचं म्हणजे किल्लीही पुसायची. कोठी तिथंच राहील, आक्का तिच्या आत राहतील आणि उघडणारं जगात कुणी नसेल. मी हात असा मागं घेतला, जसा तव्यावरून घेतात.

"मामा, थांबा. पुसायचं नाही. मी आधी नीट वाचते."

खरं सांगायचं तर तोवर मी वाचलंच नव्हतं. पहिले दोन शब्द बघायचे आणि घाबरायचं, एवढंच चाललं होतं. डिक्शनरी घेऊन खालून वर वाचायला लागले. कोठीवाला ओळखीचा दाखला दाखवतो, तो बघूनच आपला प्रोग्राम दार उघडतो, नाहीतर उद्या कुणीही कोठीवाला बनून येईल. तर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की हा दाखला अजून लागू झालेला नाही.

अजून? मुदत संपली असं म्हणालं असतं तर समजले असते. अजून लागू नाही, म्हणजे पुढं कधीतरी होणार? बाळ जन्मायच्या आधी कुणी त्याचा जन्मदाखला आणून दाखवावा, असं काहीतरी ते मशीन समजत होतं. मग त्याच्या मते आज आहे तरी कोणता दिवस?

काळ्या पडद्यावर डेट असं लिहिलं की ते तारीख सांगतं. लिहिलं. त्यानं जे साल सांगितलं त्या साली आमच्या घरात कॉम्प्युटर काय, साधा मोबाईलही धड नव्हता.

मी हसत सुटले. मालक घाबरले. "आता काय झालं?"

"अहो, हे झोपून उठलंय आणि याला वाटतंय अजून ती जुनी वर्षंच चालू आहेत!"

मामा फोनवर होतेच. ते ओरडले, "आयला! आतला सेल मेला आसंल. वायर काढली व्हती का?"

आत नाण्याएवढा एक सेल असतो, वायर काढली की मशीनचं घड्याळ तेवढ्यावर चालतं. तो कधी मेला होता कुणास ठाऊक. इन्व्हर्टरमुळं मशीनची वीज कधी जातच नव्हती, म्हणून त्याची गरजच पडली नव्हती. विसाव्यासाठी म्हणून मालकांनी वायरी काढल्या आणि घड्याळ मुळाशी जाऊन बसलं. वेळ आपोआप जुळवून घ्यायची सोय लिनक्समध्ये असते, ती मामांनी चालूच केलेली नव्हती. "ऱ्हाऊन गेलं बघ," म्हणाले.

भिंतीवरच्या कॅलेंडरवरून तारीख आणि मालकांच्या फोनवरून वेळ बघून घातली. पुन्हा हुकूम लिहिला. डोळे मिटूनच एंटर मारलं म्हणा ना.

टक्के चढायला लागले.

शेवटाला पोचले तशी फाईल लावली, आणि घरात आक्का बोलल्या, "काय बोलू? भाषान करू व्हय?" मालक दारात चपला घालत होते, ते तसेच एक पाय वर धरून उभे. थोरल्या वहिनीचा आवाज. मग म्हणाले, "चल, गाडी जाईल." मी ते रेकॉर्डिंग माझ्या नव्या फोनात घेईपर्यंत माळेतली दोन फुलं तोडून मशीनवर ठेवून आले, माफी मागितल्यासारखी.

भीमेवरचा पूल ओलांडून दौंडला पोचलो तोवर दुपार झाली होती. आपट्याची पानं दिली, पाया पडलो. आक्कांनी पाटी घेतली नाही, नुसता हात पुढं केला. मी फोन दिला आणि पाळणा लावला.

बाळ त्यांच्या मांडीवर होतं. आवाज आला तसं ते चुळबूळ करायचं थांबलं आणि मान वळवून बघायला लागलं, पण बघायला लागलं फोनकडं. आक्कांनी ते पाहिलं. फोन उचलला, पदराच्या आत, गळ्याशी धरला, आणि बाळाला उभं करून छातीशी घेतलं. आता आवाज त्यांच्यातूनच येत होता. पाळण्यात ती खोकल्याची जागा आली, मग ते हसणं आलं, आणि आक्का त्याच वेळी, आवाज न करता, तसंच हसल्या. बाळानं तोंडाकडं बघून हात वर केला आणि त्यांच्या ओठांवर ठेवला.

सून डोळे पुसत चहा करायला गेली. मीही आपली तिच्या मागं गेले, दुधाचं पातेलं बघायच्या निमित्तानं.