हळदीआधी गुलमर्ग

"आधी दार लाव. आत बाहेरचं कोणी नाही ना?"

शर्वरीताई पार्लरच्या उंबऱ्यावरच थांबल्या होत्या. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर काळा गॉगल, अंगात सनकोट. नाशिकमध्ये दुपारी स्कूटीवरून उतरणारी कुठलीही मुलगी अशीच दिसते, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. मी दार लावलं. त्यांनी गॉगल काढला आणि स्कार्फचे वेढे सोडले. पार्लरच्या मालकीण, आमच्या मॅडम, काउंटरमागे टॉवेलच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी तशीच राहिली.

डोळ्यांभोवती मोठ्या गॉगलच्या आकाराचा गव्हाळ, नितळ भाग. बाकी सगळा चेहरा भाजक्या विटेच्या रंगाचा. नाकाच्या शेंड्यावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. ओठांच्या कडा फाटल्या होत्या. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लाली होती. तिथे ऊन पोचलं कसं, हे मला आधी कळेना.

"पुढच्या आठवड्यात लग्न आहे माझं," त्या म्हणाल्या. जणू आम्हाला माहीतच नव्हतं. त्यांचं ब्रायडल बुकिंग आमच्याकडेच होतं.

"कुठे गेली होतीस तू?" मॅडमनी विचारलं.

"गुलमर्गला. स्कीइंगच्या कोर्सला. ऑफिसच्या ग्रुपमधली एक जण गळाली, तिची जागा मला मिळाली. म्हटलं, लग्नानंतर कोण सोडतंय!" मग खुर्चीत बसून आरशात न बघता त्या म्हणाल्या, "मॅडम, ब्लीच करा. काहीही करा, पण दोन्ही रंग एक करून टाका. आल्यापासून सासरच्यांना तोंड दाखवलेलं नाही. व्हिडिओ कॉलला कॅमेरा बिघडलाय सांगते."

इथे माझ्याबद्दल थोडं सांगते. मी ब्यूटी अँड वेलनेसच्या डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारपासून या पार्लरमध्ये काम. घर चांदवडकडे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे वर्गात असो की पार्लरमध्ये, एखादी गोष्ट माहीत असली तरी ती मोठ्याने बोलावी की नाही, याचा मी फार वेळ विचार करते. तेवढ्यात दुसरं कोणीतरी बोलून जातं. त्या दिवशी मात्र मॅडमनीच मला पुढे केलं. "दीपाली, तू विचार गं सगळं. मी तोवर बघते."

मी विचारलं, "ताई, तिथे चेहऱ्याला काय लावत होतात?"

"मेकअप करत होते की. फाउंडेशन होतं, एसपीएफवालं. बाटलीवर लिहिलंय तसं. वरून कॉम्पॅक्ट, लिपस्टिक. सगळ्या जणी फोटो काढत होत्या, मी काय अवतारात उभी राहू?"

"आणि सनस्क्रीन?"

"एवढ्या थंडीत? अगं, नाक बधिर झालं होतं माझं. उन्हाचा चटका म्हणून लागत नव्हता."

"स्कार्फ?"

"स्कार्फ कशाला? तिथे कुठे धूळ आहे?"

मॅडमना राहवलं नाही. "इंदिरानगरहून इथपर्यंत यायला तोंड बांधतेस आणि बर्फात उघडी फिरलीस? धन्य आहे बाई तुझी!"

पण मला त्यांची चूक समजत होती. आमच्याकडे ऊन म्हणजे उकाडा. माझी आई खळ्यावर कांदे निवडायला बसते तेव्हा पदराने तोंड बांधते, कारण डोकं तापतं. डोकं तापत नसेल तर ऊन नाही, असंच आपण धरून चालतो. कातडी मात्र उन्हाच्या गरमीने भाजत नाही, त्यातल्या न दिसणाऱ्या किरणांनी भाजते. उंच डोंगरावर हवा विरळ असते, तिथे हे किरण जास्त तिखट लागतात. शिवाय बर्फ आरशासारखा त्यांना खालून वर फेकतो. म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही भाजलं होतं. स्कीइंगच्या गॉगलने तेवढे डोळे वाचवले आणि स्वतःचा आकार मागे ठेवला.

फाउंडेशनवरच्या एसपीएफचंही, म्हणजे उन्हापासून बचावाच्या आकड्याचंही, तसंच. तो आकडा खरा असतो, पण जाड थर दिला तर. दोन बोटं भरून सनस्क्रीन आपण तोंडाला आणि मानेला लावू शकतो. दोन बोटं भरून फाउंडेशन लावलं, तर नाटकात काम करायला जावं लागेल. बरं, जे लावलं होतं तेही टिकलं नसणार. पडलं की बर्फ, उठलं की घाम, आणि दोन्ही पुसायला हातमोजा.

शेवटी मी विचारलं, "रात्री काही लावत होतात का?"

"ग्लो सिरम. लग्नाआधी लावतात ना ते. ते मात्र एक दिवस चुकवलं नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. या सिरममध्ये सौम्य अ‍ॅसिड असतं. ते वरची मेलेली त्वचा काढून टाकतं. खालची कोवळी त्वचा वर येते, म्हणून चेहरा चमकतो. पण तीच कोवळी त्वचा उन्हाला लवकर बळी पडते. म्हणजे रात्री ताई कातडी सोलत होत्या आणि दिवसा भाजत होत्या.

शर्वरीताईंचे डोळे भरून आले. "मॅडम, प्लीज. ब्लीच करा ना."

मॅडमनाही दया आली. त्यांनी ब्लीचचा डबा काढला. वाटी घेतली. ब्लीच म्हणजे त्वचेवरच्या लवेचा रंग फिकट करणारं रसायन. धडधाकट त्वचेवरही ते चुणचुणतं. मी वाटीकडे बघत उभी राहिले.

"मॅडम, मला वाटतं, ब्लीच नको."

"वाटतं म्हणजे? नीट सांग."

"जळालेल्या कातडीवर आणखी जळेल. मग काळे डाग पडतील. ते लग्नानंतरही जाणार नाहीत."

मॅडमची बावीस-पंचवीस वर्षं या धंद्यात गेली आहेत. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही, होही म्हटलं नाही. कापूस नुसत्या पाण्यात बुडवला आणि ताईंच्या जबड्याच्या कडेला अलगद टेकवला. ताई "स्स्स" करून मागे सरकल्या.

"साध्या पाण्याने हे, तर ब्लीचने काय होईल?" मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "शर्वरी, आज मी तुझ्या तोंडाला हात लावणार नाही. ऊठ. स्किनच्या डॉक्टरकडे जाऊ."

"म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही?" ताईंचा आवाज चढला. "मग मी आले कशाला?"

मॅडम त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन गेल्या. डॉक्टरांनी औषध कमी दिलं आणि नकार जास्त दिले. ब्लीच नको, फेशियल नको, स्क्रब नको, सिरम बंद, सुटलेली कातडी ओढायची नाही. बिनवासाचं साधं क्रीम दिवसातून अनेकदा आणि घरात बसूनही सनस्क्रीन. बहुतेक लग्नापर्यंत चेहरा शांत होईल, म्हणाले. मात्र जाता जाता त्यांनी विचारलं, "हळद कधी आहे? ती तोंडाला चोळू देऊ नका."

खरी अडचण इथून पुढे होती.

त्या आठवड्यात रोज सकाळी ताईंचा फोटो यायचा. खाली एकच प्रश्न, 'आज तरी?' मी लिहायची, 'क्रीम लावा. नखं चेहऱ्यापासून लांब ठेवा.' लाली उतरत होती. गालांची सालं निघू लागली. खालून आलेली त्वचा नव्या बाळासारखी होती, गुलाबी आणि पातळ. नेमकी याच वेळी तिच्यावर हळद यायची होती.

हळदीच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला ताईंच्या घरी पाठवलं. तिथे सगळी सूत्रं कुंदाआत्यांच्या हातात होती. त्या म्हणजे ताईंच्या वडिलांची थोरली बहीण. मी चाचरत सांगितलं की चेहऱ्याला हळद नको.

"नको?" आत्या मुंडावळ्या ओवत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. "अगं, नवरदेवाची उष्टी हळद यायची आहे. ती परत पाठवू का? म्हणू, आमची मुलगी बर्फात पडली होती?"

उष्टी हळद म्हणजे आधी नवऱ्या मुलाला लावून उरलेली. ती मुलाकडची माणसं मुलीकडे आणतात आणि तिलाही तीच लावतात. घरची हळद नुसती दुधात कालवता आली असती. त्यांच्याकडून येणाऱ्या वाटीत मुलाकडच्यांनी काय घातलं असेल, ते आमच्या हातात नव्हतं.

"तू कुठली गं?" आत्यांनी विचारलं.

"चांदवडकडची."

"मग तुमच्याकडे नाही लावत हळद?"

"लावतात की. लय लावतात." घाईत माझं गावचं तोंड उघडलं. आत्या हसल्या, तसा मलाही थोडा धीर आला. मी म्हटलं, "पण आत्या, तुमच्याकडे लावतात कशी? म्हणजे, पद्धत काय?"

आता त्यांनी मुंडावळ्या खाली ठेवल्या. पद्धत विचारलेली त्यांना आवडली असावी. "आंब्याची पानं घ्यायची. हळदीत बुडवायची. आधी पावलं, मग गुडघे, मग खांदे, मग कपाळ. पाच सवाष्णींनी." बोलता बोलता त्या प्रत्येक ठिकाणी हवेत पान टेकवत होत्या.

मी वाट बघितली. त्या कपाळावर थांबल्या होत्या.

"आणि गाल?" मी विचारलं.

"गाल..." आत्यांनी हात खाली घेतला. "गाल नाहीच त्यात. गालाला थापायचं ते या फोटोवाल्यांनी आणलं. आमच्या वेळी कोणी तोंडाला फासलं असतं, तर आजी पळीने मारायची." मग त्या आतल्या खोलीकडे बघून ओरडल्या, "शर्वे! उद्या सगळं पद्धतीप्रमाणे होणार. कोणी काही बोललं तर मी आहे."

दुसऱ्या दिवशी मी क्रीमचा जाड थर ताईंच्या चेहऱ्याला देऊन बाजूला उभी राहिले. घरची हळद पानांनी नीट लागली. मग गेटवर ढोल वाजला आणि मुलाची बहीण वाटी घेऊन आत आली.

"वहिनी, आम्ही लिंबू पिळलंय हं यात! एकदम उजळणार तुम्ही." तिने दोन्ही पंजे वाटीत बुडवले.

नव्या कातडीवर लिंबू. मी पुढे झाले. तोवर आत्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आमच्याकडे पानाने लावतात. आधी पाय."

"अहो आत्या, एवढं काय? एकदाच गालाला! फोटो हवाय दादाला."

"गाल हवाय ना? हा घे." आत्यांनी पदर खोचला आणि स्वतःचा गाल पुढे केला. "लाव. चांगला दाबून लाव. माझं उजळायचं राहून गेलंय."

ती मुलगी इतकी हसली की तिचे पंजे आपोआप आत्यांच्या दोन्ही गालांवर गेले. फोटोग्राफरने तो फोटो काढला. पोरींना तोच खेळ झाला आणि सगळ्या जणी आत्यांच्या मागे लागल्या. शर्वरीताईंच्या पावलांना पान लागलं, कपाळाला जेमतेम टोक टेकलं. ते मी लगेच ओल्या रुमालाने टिपलं. ताई पोट धरून हसत होत्या. हसता हसता थांबल्या, गालाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "अगं, हसताना कातडी ताणली नाही."

मी तिथल्या एका खुर्चीत बसले, तर ती हळदीने भरलेली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी गंगापूर रोडच्या लॉन्समध्ये मॅडम ताईंचा मेकअप करायला बसल्या. कातडी शांत होती, पण गॉगलचा आकार अजून पुसट दिसत होता. मी गालांसाठी उजळ शेडची बाटली काढून दिली. मॅडमनी ती परत ठेवली.

"उन्हाचं झाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "गोरं झाकायचं."

त्यांनी डोळ्यांभोवतीचा फिकट भागच गालांच्या रंगावर आणून ठेवला. थर पातळ बसला, कातडीवर ओझं नाही. आमच्याकडे प्रत्येक जण एक शेड उजळ व्हायला येतो. नवरीचे डोळे एक शेड सावळे करताना मी पहिल्यांदाच बघितलं. मंडपात ताईंच्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "मेकअप केलाय का नाही, कळतसुद्धा नाही हो." मॅडमनी ते ऐकलं आणि अक्षता टाकता टाकता मला कोपर मारलं.

लग्नानंतर ताई पार्लरमध्ये आल्या त्या पुन्हा बर्फात जायच्या तयारीने. या वेळी नवऱ्याबरोबर. "मेकअप करू की नको, एवढंच सांग," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, करा. पण आधी सनस्क्रीन, दोन बोटं भरून, नाकपुड्या, कान आणि हनुवटीखालीसुद्धा. ते मुरलं की वर हलका रंग. फाउंडेशनपेक्षा रंगाचं सनस्क्रीन बरं. मस्कारा पाण्यात न उतरणारा. ओठांना एसपीएफचा बाम, लिपस्टिक हवी तर त्यावर. दर दोन तासांनी आणि तोंड पुसलं की पुन्हा. नाक-तोंडावर कापड. संध्याकाळी मेकअप घासायचा नाही, क्लिन्झरने विरघळवायचा आणि जाड क्रीम लावायचं. सिरम घरी ठेवायचं. ब्लीच-फेशियल जायच्या आधीही नाही आणि आल्या आल्याही नाही.

त्यांनी सगळं फोनमध्ये टाइप करून घेतलं.

त्या गेल्यावर मी मॅडमना विचारलं, "मॅडम, त्या आठवड्यात आपण नक्की काय केलं?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि तेवढंच करायला लोक आपल्याला देत नाहीत."

कॉलेजमध्ये आम्हाला त्वचेवर करायचे पुष्कळ प्रकार शिकवतात. प्रत्येकाचं प्रॅक्टिकल असतं, प्रत्येकाला मार्क असतात. हात मागे घेण्याचं प्रॅक्टिकल अजून कुठल्या सेमिस्टरला आलेलं नाही.