दोर धरणारे

माजी हा शब्द मला कधीच आवडला नाही. माजी आमदार, माजी सरपंच. ज्याचं संपलं तो माजी. आणि यंदा मीही माजी झालो. आमच्या ढोलपथकाचा नियमच आहे, तिशी उलटली की कमरेचा ढोल उतरवायचा आणि मिरवणुकीत पथकाभोवतीचा दोर धरायचा. तोंड गर्दीकडे, पाठ पथकाकडे.

चौकात ढोल सुरू झाले आणि मी न राहवून मागे वळलो.

"पुढे बघ रे," शेजारी दोर धरलेला मिलिंददादा ओरडला. मला ढोल बांधायला शिकवलं ते यानंच. "आपण वळलो की दोर ढिला पडतो."

खरंच पडला होता. गर्दी हातभर आत सरकली होती. मी पाय रोवले, दोर ताणला. दादा समोर बघत उभा होता, पण त्याचा अंगठा दोरावर ठेका धरत होता.

इतकी वर्षं मी डोळे मिटून, बेभान होऊन वाजवलं. ते जमलं, कारण माझ्याकडे पाठ करून कुणीतरी डोळे उघडे ठेवून उभं होतं. त्या पाठींचे चेहरे मी कधी पाहिलेच नाहीत.

तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला, "दादा, माझा ढोल घेतोस का थोडा वेळ?"

हात शिवशिवले.

"तूच वाजव," मी म्हणालो आणि दोराचा आणखी एक वेढा मनगटाला दिला. ती कोण होती, ते मला अजून माहीत नाही.