एका पायावर नऊ मात्रा

माझी बायको वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बर्फावर नाचायला लागली, आणि त्याचं खापर मी कायम आमच्या मुलीवर फोडत आलो. मुलीच्या वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर होता. तिथं ती दोन तास घसरली, पडली आणि घरी येऊन म्हणाली, मला हे शिकायचंय. आम्ही हौसेनं क्लास लावला. दोन महिन्यांत तिचा उत्साह ओसरला. उरलेले तास वाया जाऊ नयेत म्हणून तिच्याऐवजी आई गेली. आम्ही पुण्याची माणसं, परदेशात आलो तरी काही फुकट जाऊ देत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. मुलगी आता दुसऱ्या देशात शिकते आहे आणि आई अजून बर्फावर आहे.

आइस डान्स हा मुळात जोडीचा नाच. त्यात उंच उड्या नसतात. पावलं ठरलेली, ती रिंकवर कुठून कुठं जाणार ते ठरलेलं, तालही ठरलेला. ज्यांना जोडीदार नसतो ते तोच नाच एकट्यानं करतात. त्याच्या वेगळ्या स्पर्धा असतात आणि त्यातही मोठ्या माणसांचा वेगळा गट असतो. हे सगळं तिनं मला स्वयंपाकघरात समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “जोडीदार आहे की घरात.” तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागली.

पहिली पाच वर्षं मी रिंककडे फिरकलो नाही. शनिवारी पहाटे ती बूट पाठीवर टाकून निघायची, मी कूस बदलायचो. परत आली की गुडघ्याला बर्फाची पिशवी लावून सोफ्यावर बसायची. “अख्खी सकाळ बर्फावर घालवलीस, आता घरी येऊन पुन्हा बर्फच?” असा विनोद मी निदान पन्नास वेळा केला असेल. ती हसायची नाही. मीच हसायचो.

मग यंदा जूनमध्ये माझ्या कंपनीनं आमचं सगळं कामच पुण्याला हलवलं. इथं काम करायचा माझा पास वर्षअखेरीपर्यंतच होता. घरी येऊन मी तिला सांगितलं, तेव्हा मला वाटलं ती फ्लॅटचं विचारेल, सामानाचं विचारेल. ती म्हणाली, “स्पर्धा नोव्हेंबरात आहे. तोपर्यंत आहोत ना आपण?”

त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की ती आधी दोनदा स्पर्धेत उतरली होती आणि दोन्ही वेळा एकाच गोष्टीत आपटली होती. पावलं बरोबर, पण तालाबाहेर. पुण्यात तिला हवा तसा बर्फ मिळणार नव्हता, आणि पन्नाशीनंतर सोडलेली गोष्ट पुन्हा हाती लागत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. “मला नंबर नकोय रे,” ती म्हणाली. “एकदा, फक्त एकदा, सगळा नाच तालात व्हायला हवा. मग मी खुशाल येते पुण्याला.” आणि मग, “तू तबला शिकलायस ना? शनिवारी येशील?”

मी शाळेत असताना चार वर्षं तबला शिकलो. दोन परीक्षा दिल्या. इथल्या गणपतीत आरतीला आणि दिवाळीच्या कार्यक्रमात मी वाजवतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कसा असतो ते बघायचं असेल तर मला त्या कार्यक्रमात बघावं. तेव्हा मी अर्थातच हो म्हणालो.

आमच्या बुओना व्हिस्टा स्टेशनाहून पहाटेची ट्रेन जवळजवळ रिकामी होती. बाहेर आत्ताच घाम फुटावा असा दमटपणा, आणि आम्ही मांडीवर लोकरीची जाकिटं घेऊन बसलेलो. रिंकचं दार उघडलं तसा गारठा अंगावर आला. बर्फ सपाट करणारं मोठं यंत्र नुकतंच फिरून गेलं होतं. सगळा पृष्ठभाग ओला, काळसर, कुठं ओरखडा म्हणून नाही. मी कठड्याला रेलून उभा राहिलो, आणि आता पाच-सहा पोक्त माणसं धडपडताना बघायची, अशा तयारीत होतो.

पहिली उतरली ती शहराच्या पूर्वेकडे, बेडोकला राहणारी एक निवृत्त शिक्षिका. वय साठीच्या पुढचं, केस पांढरे, गुडघ्यांना पट्टे. चालत आली तेव्हा जरा लंगडत होती. बर्फावर तिनं एका पायानं रेटा दिला आणि दुसऱ्या पायावर उभी राहिली, बस. त्या एका पायावर ती सावकाश, मोठं वळण घेत निम्मी रिंक ओलांडून गेली. हात स्थिर, मान वर, काही करते आहे असंच वाटेना. आवाज फक्त बुटाखालच्या पात्याचा, सुरीनं पेरू कापताना येतो तसा. ती गेली तिथं त्या स्वच्छ बर्फावर एकच बारीक पांढरी रेघ उरली. मी ती रेघ बघत राहिलो. लंगडणारी बाई एवढं निर्वेध वळण काढू शकते हे मला खरंच वाटेना.

मग माझी बायको आली. आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती आणि ही बाई मी पाहिलीच नव्हती. घरात ती मान थोडी पुढं काढून चालते, खुर्चीतून उठताना ‘आई गं’ म्हणते. इथं ती पाठीच्या कण्यात कुणीतरी दोरी ओवून वर ओढल्यासारखी उभी होती. तिनं मला नंतर सांगितलं की पात्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. पाय किंचित कलला की ती धार बर्फ पकडते आणि आपोआप वळण घेते. सगळा नाच त्या कलण्यावर उभा. जास्त कललं की पडलो, कमी कललं की सरळ जाऊन कठड्यावर. हे ती मला चहाचा कप हातात धरून सांगत होती, आणि मी मनात म्हणत होतो, एवढं मोठं काही हिच्याजवळ होतं आणि मी झोपलो होतो.

आता तालाचं. तिचा नाच वॉल्ट्झचा. तीन-तीन ठोक्यांचे दोन गट, म्हणजे सहा मोजायचे. धून लागली आणि मी मिनिटाभरात ओळखलं: हा तर आपला दादरा! धा धिं ना, धा तिं ना. पहिल्या मात्रेवर सम, चौथीवर खाली. या नाचातही अगदी तसंच, पहिला ठोका भक्कम, चौथा पोकळ. पाऊल पहिल्यावर पडलं पाहिजे. चौथ्यावर सुरुवात केली तर पुढचा सगळा नाच उलट्या अंगानं जातो, आणि परीक्षकांना ते लगेच कळतं. माझी बायको नेमकी तेच करत होती. तिच्या कानाला एक आणि चार सारखेच ऐकू यायचे. “हा पियानोच धड वाजत नाही,” ती कुरकुरली. “नाचता येईना, अंगण वाकडं,” मी म्हणालो. “अंगण सपाटच आहे,” ती म्हणाली, “येऊन बघ.”

पुढचे चार महिने मी दर शनिवारी कठड्यापाशी उभा राहून टाळ्या वाजवल्या. समेवर टाळी, खालीला हात हवेत. आणि सुरुवातीच्या पावलाला मी ओरडायचो, “आता!” मी घाईचा माणूस आहे. लिफ्टचं बटण कुणी दाबलेलं असलं तरी मी पुन्हा दाबतो. समोरचा वाक्य जुळवत असेल तर मी ते पुरं करून देतो आणि त्याला मदत म्हणतो. तिची सुरुवात चुकली की मी आणखी मोठ्यानं ओरडायचो. एकदा ती कठड्याशी येऊन धापा टाकत म्हणाली, “उंटावरून शेळ्या हाकायला तुला काय जातंय?” मी ते थट्टेवारी नेलं.

ऑक्टोबरात तिच्या कोचनं मला बाजूला घेतलं. इथलीच, तिशीतली, चिनी मुलगी, फार विनयानं, इथल्या पद्धतीनं वाक्याला ‘लाह’ जोडत बोलणारी. “अंकल, यू क्लॅप व्हेरी नाइस,” ती म्हणाली. “बट शी ऑलवेज लेट, लाह. बिकॉज शी इज वेटिंग फॉर यू.” मी म्हणालो, मी अचूक समेवर टाळी देतो. तीच तर अडचण आहे, असं ती म्हणाली. पाऊल समेवर पडायचं तर गुडघा त्याच्या आधी वाकायला हवा. टाळी ऐकून वाकला की उशीर झालाच. तिनं स्वतः ऐकायला हवं. मला राग आला. चार वर्षं तबला कोण शिकलं होतं? पण त्यानंतरच्या शनिवारी मी हात खिशात घालून उभा राहिलो, आणि ते मला फार जड गेलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी परीक्षक पांघरुणं गुंडाळून टेबलाशी बसले होते. मोठ्यांच्या गटात चौघी होत्या. शिक्षिकाबाईंचा नाच आधी झाला होता, त्या अंगावर जाकीट चढवून माझ्या शेजारी येऊन बसल्या. ठरलेल्या पाच-सहा धुनांपैकी कोणती लागेल ते आयत्या वेळी कळतं. माझ्या बायकोच्या वाट्याला जी आली ती सगळ्यात गुळगुळीत, सम लपवून ठेवणारी. ती मधोमध जाऊन उभी राहिली.

सुरुवातीची दोन-तीन पावलं घेऊन ती निघाली आणि पहिलं खरं पाऊल पडलं. समेवर नाही, खालीला.

चार महिने, आणि पुन्हा तेच. माझे हात आपोआप वर गेले. कठड्याबाहेरून खुणा करायला मनाई असते, आणि शिक्षिकाबाईंनी माझी दोन्ही मनगटं धरून खाली दाबली. “नो, नो, अंकल,” त्या कुजबुजल्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई मला अंकल म्हणते हेही मला तेव्हा सुचलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: पळ, एखादं पाऊल गाळ, पुढची सम गाठ.

ती पळाली नाही. चौथं पाऊल उजव्या पायावरचं, बाहेरच्या धारेचं. त्यावर सहा मात्रा उभं राहायचं आणि मोकळा पाय मागून पुढं न्यायचा. सहा मात्रा झाल्या. तिनं दुसरा पाय टेकला नाही. सात. मोकळा पाय पुढं तसाच धरलेला. ते वळण कठड्याकडे येतं, म्हणजे ती सरळ माझ्याच दिशेनं येत होती, एका पायावर, पन्नास वर्षांची, घरी उठताना ‘आई गं’ म्हणणारी. आठ. मला तिच्या घोट्याचा बारीक थरथराट दिसला. कठडा दोन हातांवर होता. नऊ. आणि समेवर, अगदी समेवर, तिनं दुसरा पाय ठेवला आणि वळली. तिथून शेवटच्या पावलापर्यंत सगळा नाच तालात गेला. मी काय करत होतो म्हणाल तर मी रडत होतो, आणि शिक्षिकाबाईंनी अजून माझी मनगटं सोडली नव्हती.

त्या जास्तीच्या तीन मात्रा, खालीपासून समेपर्यंतच्या, म्हणजे सव्वा सेकंद. तबल्यावर मला त्या मोजता येतात. पण एका पात्याच्या धारेवर, चूक झाल्याचं कळत असताना, सगळ्यांसमोर, उगी थांबणं? मला आयुष्यात एकदाही जमलेलं नाही.

चौघींत ती तिसरी आली. परीक्षकांच्या कागदावर पहिल्या तीन पावलांना आणि त्या लांबवलेल्या पावलाला गुण कमी होते आणि पुढच्या पावलांना तालाचा एकही शेरा नव्हता. सगळा नाच तालात झाला नाही, एवढं खरं. मी तो कागद घेऊन तिला शोधत गेलो. ती बाकावर एकटीच बसली होती.

“तुला कळलं होतं?” मी विचारलं.

“पहिल्याच पावलाला. खालीला पडलं ते.”

“मग घाबरली नाहीस?”

“घाबरले ना. पण म्हटलं, थांबू या. येईलच सम.”

“मी समोरच होतो. एकदा तरी बघायचंस माझ्याकडे.”

ती बुटांच्या नाड्या सोडायला वाकली होती. वर न बघता म्हणाली, “तुझ्याकडे बघितलं की मला घाई होते रे. म्हणून नाही बघितलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. नळ गळतोय म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं. मला लाज वाटली आणि तिचा इतका अभिमान वाटला की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला अजून सांगता येत नाही. किती वर्षं असं होतंय, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. त्या बुटांच्या नाड्या हातभर लांब असतात, गाठी थंडीनं आवळलेल्या, आणि तिची बोटं गारठली होती. एरवी मी खाली बसून ओढून सोडवल्या असत्या. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिचं होईपर्यंत बसून राहिलो.