ओटीचे गहू

एखाद्याला घरातून घालवायचं असलं की आमच्या वहिनी त्याचा मान वाढवायच्या. आवाज चढवणं नाही, आदळआपट नाही. ताटात तुपाची धार जरा जास्त पडायला लागली की शहाण्यानं पिशवी भरायला घ्यावी. मला हे कळायला अख्खी दिवाळी गेली.

मस्कतचा संसार सोडून मी जिंतूरला आले, ती वसुबारसेला. नवरा तिकडेच राहिला आणि मी परत जाणार नव्हते. आई-वडील गेलेले, घर थोरल्या भावाचं, अण्णाचं. फोनवर त्याला सगळं सांगितलं होतं. तो ‘ये’ म्हणाला आणि आपल्या भुसार दुकानात जाऊन बसला. पुढचं सगळं बायकोवर सोडून!

सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून वहिनी स्वयंपाकघरात आल्या की माझा छळ सुरू. मी केरसुणी उचलली की त्या हातातून काढून घ्यायच्या. पोळ्या लाटायला बसले की पोळपाट ओढायच्या. “ऱ्हाऊ द्या वन्सं. पाव्हण्याला काम लावलं म्हणून लोक शेण घालतील आमच्या तोंडात.” सगळ्यांना चहा स्टीलच्या गिलासात, मला एकटीला कपबशीत. असा संताप यायचा! ज्या घराचं अंगण मी लहानपणापासून सारवलं, तिथं मला नुसतं बसवून ठेवलेलं.

गल्लीत मात्र त्यांचं तोंड थांबत नव्हतं. फराळाचं ताट घेऊन येईल त्या बाईला सांगायच्या, “वन्सं दिवाळीला आल्यात. भाऊबीज झाली की जायल्यात.” एकदा मी सगळ्यांसमोरच म्हटलं, “वहिनी, मी परत जाणार नाही. नवरा सोडलाय मी.” त्या हसल्या. “कायबी बोलत्यात. चकली घ्या.” काय म्हणावं या बाईला! मी सोडला होता, पण या मला सोडू देतील तर ना.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पाट मांडला. नवी साडी, खण, नारळ, सुपात गहू. “बसा वन्सं, ओटी भरते. दुपारच्या परभणी गाडीला जागा मिळती.” अण्णा भिंतीकडे बघत उभा.

माहेरवाशिणीला निरोप देताना ओटी भरतात. घरची बरकत तिच्यामागे जाऊ नये म्हणून तिनं त्यातले चार दाणे माहेरी ठेवायचे आणि निघायचं. मी मुकाट्यानं ओटी भरून घेतली. उठले, सरळ स्वयंपाकघरात गेले आणि पदरातले सगळे गहू त्यांच्या गव्हाच्या कोठीत ओतले.

“अगं बया! चार दाणे ठेवायचे असतात!”

“घरचे आहेत वहिनी, घरातच राहू द्या.”

त्यांनी कोठीत हात घातला. ओटीचे कुठले आणि कोठीतले कुठले, काय निवडणार? बराच वेळ नुसता हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “लय बेशरम हाईस तू.” इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाल्या. परभणीची गाडी माझ्याशिवाय गेली.

पुढे आम्ही रोज भांडलो. भाजीतल्या मिठावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून, अण्णाच्या पथ्यावरून. गोड बोलणं त्यांनी त्या दिवसापासून बंदच केलं. मीही काही कमी केलं नाही. आजही त्या दिवाळीची आठवण झाली की माझं डोकं फिरतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना परभणीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. संध्याकाळी नर्स आली. “घरचं एकच माणूस थांबा, बाकीच्यांनी निघा.” अण्णाच थांबणार, हे उघड होतं. मी उठले. तर वहिनींनी माझा पदर घट्ट धरला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “तुमी जावा. ही ऱ्हाईल.”

मला रडू फुटलं.

“तोंड काय बघायलीस?” त्या खेकसल्या. “उशी सरळ कर.”