इंदूताईंचा खिळा

इंदूताई गायकवाड कोणत्याही फोटो स्टुडिओत शिरल्या की काचेत टांगलेल्या फोटोंकडे चक्क पाठ करून उभ्या राहत. काचेत एखादी नवरी मान तिरकी करून बसलेली असे, एखादं बाळ टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून असे आणि मधोमध कोणी स्थानिक पुढारी साऱ्या जगाची काळजी आपल्यावर पडल्यासारखा हनुवटीला बोट टेकवून असे. इंदूताई काउंटरवर पर्स ठेवत आणि म्हणत, "टांगलेले नकोत. पडलेले दाखवा."

पडलेले म्हणजे गिऱ्हाइकांनी न नेलेले. प्रत्येक स्टुडिओत असा एक खण असतो. लोक हौसेने फोटो मोठा करायला देतात आणि मग भांडण होतं, बदली होते, नाहीतर नुसता विसर पडतो. "काचेतला फोटो म्हणजे मुलगी बघायला आल्यावरचे पोहे," इंदूताई म्हणत. "त्यावरून घरचं रोजचं जेवण कळत न्हाय." त्या खणातले फोटो एकेक करून काढत आणि आधी कान बघत. तोंड सगळेच रंगवतात, कानाकडे कोणी लक्ष देत नाही. ज्याने कान नीट ठेवला त्याने माणूस नीट ठेवला, असा त्यांचा हिशेब होता.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. भिवंडी आणि आजूबाजूच्या गावांतली अर्धी माणसं त्यांनी जन्मताना, नाहीतर ताप भरलेला असताना पाहिलेली. त्यामुळे खणातले फोटो त्यांना अनोळखी नसत. "ही कोनगावची आंबूबाई," एकदा त्या मंडईतल्या स्टुडिओवाल्या अन्वरभाईंना म्हणाल्या, "तीन बाळंतपणं केली मी तिची. इतकी गोरी ती रक्त गेल्यावरसुद्धा झाली नव्हती." अन्वरभाईंनी कपाळावर हात मारला. "बाई, लोग गोरा करनेकोच बोलते हैं. मैं क्या करूँ?"

मी त्यांचा शेजारी. हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि त्यांच्या समोरच्या खोलीत राहायचो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर यंत्रमाग होते. माग चालू असले की वरच्या मजल्यावर भांडी, खिडक्या आणि माणसं सारखीच थरथरत. भिंतीवरचा फोटो सकाळी सरळ केला तर संध्याकाळपर्यंत कलंडलेला. शुक्रवारी माग बंद असत आणि त्या दिवशी इमारतीतल्या प्रत्येक घरातला कर्ता माणूस स्टुलावर चढून आपापल्या पूर्वजांना सरळ करत असे. इंदूताईंच्या भिंतीवर मात्र सरळ करण्यासारखं काही नव्हतं. दारासमोर एक जाड खिळा होता. त्यावर त्यांची छत्री असायची.

तो खिळा पुष्पाच्या फोटोसाठी ठोकलेला होता. पुष्पा त्यांची एकुलती एक मुलगी. दहावीत माझ्या वर्गात होती. रंगाने काळी, वरच्या एका दातावर दुसरा दात चढलेला, आणि हसू आलं की समोर न हसता मान वळवून बाजूच्या मुलीकडे बघून हसायची. शिक्षकाला कळू नये म्हणून, कळायचं सगळं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिला कावीळ झाली. ठाण्याच्या इस्पितळात हलवलं आणि ती परत आली नाही. तेव्हा ऐंशीनंतरची पहिली एक-दोन वर्षं चालली होती. इंदूताईंचे यजमान त्याआधीच वारले होते. इंदूताई तेराव्या दिवसाची वाट न बघता कामावर रुजू झाल्या. कोणी विचारलं तर म्हणत, "दवाखान्यात निदान कोणीतरी जन्माला येतं."

पुष्पाचा मोठेपणीचा फोटो एकच होता. मावसबहिणीच्या लग्नातला, कृष्णधवल, बायकांच्या घोळक्यातला. त्यात ती अर्धी वळून शेजारणीकडे बघत हसत होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो मोठा करून लावायचा ठरलं आणि इंदूताईंच्या भावाने अन्वरभाईंकडे दिला. अन्वरभाईंनी आपल्या मते जीव ओतला. पुष्पाला गोरी केली, चढलेला दात काढून टाकला, आणि मान वळलेली होती तरी डोळे समोर आणले. फोटो घरी आल्यावर इंदूताईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "ही न्हाय."

"अगं, तिचाच आहे. त्याच फोटोवरून केलाय," भाऊ म्हणाला.

"फोटो तिचा असंल. ही न्हाय."

कार्यक्रमाला मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील झालं, आणि फुलं रिकाम्या खुर्चीवर वाहिली. लोकांना ते बरं वाटलं नाही. आपल्याकडे माणूस गेल्याचं दुःख एकवेळ लोक समजून घेतात, पण खुर्चीवर फोटो नसला तर कार्यक्रमाला शोभा येत नाही.

तेव्हापासून त्यांचा शोध सुरू झाला. कल्याणला एक जुना स्टुडिओवाला घोळक्यातून चेहरा चांगला काढतो असं कळलं की त्या सुटीच्या दिवशी कल्याणला. मी बहुतेकदा बरोबर असे. शिक्षकाला सुट्या असतात आणि एकट्या माणसाला त्यांचं करायचं काय हा प्रश्न असतो. कल्याणवाल्याने दात ठेवला, पण रंग पिठासारखा. "ही न्हाय." मुंबईत रंगीत फोटो मोठे करून मिळू लागले तेव्हा तिथून गालावर गुलाबी आणि साडीवर निळा रंग चढून आला. "ही तर कोणाची तरी करवली हाय. पुष्पी न्हाय."

या खटाटोपात इंदूताईंना आपोआप एक अधिकार मिळाला. कोणाकडे मयत झालं की रडारड ओसरल्यावर घरातला एखादा जाणता माणूस त्यांच्या दारात उभा राही. "ताई, फोटो कुठे टाकू?" इंदूताई आधी आहे तो फोटो बघायला मागत. "एकट्याचा हाय ना? मग मंडईत अन्वरभाईकडे टाका, पण सांगा, टचिंग नको. घोळक्यातला असंल तर कल्याण. रंगीत पाहिजे तर मुंबई, आणि आठ दिवस थांबा. उद्याच पाहिजे असंल तर कुठेही टाका, वाईटच येईल."

घोळक्यातल्या फोटोबाबत त्या फार कडक होत्या, आणि त्याला कारण कशेळी गावातला एक प्रसंग. तिथल्या एका घरात थोरली जाऊ वारली. लग्नाच्या ग्रूप फोटोत तिच्या डोक्यावर मुलाने पेनाने फुली मारून फोटो एका स्टुडिओत दिला. फुली दोन बायकांच्या मधोमध पडली होती. स्टुडिओवाल्याने आपल्या मनाने एक निवडली, मोठी केली, फ्रेम केली आणि गिऱ्हाइकाला खूश करायला वर चंदनाचा हारही घातला. पुडकं उघडलं धाकट्या जावेने, आणि आत तीच होती. घरात एकच गोंधळ. मुलगा फोटो परत द्यायला निघाला तर धाकटीनेच तो धरून ठेवला. "र्‍हाऊ दे रे. माजा येवढा चांगला फोटू कवा निंगाला न्हाय. पुढं लागंलच की!" ही हकीकत सांगताना इंदूताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. म्हणूनच आपल्याजवळच्या फोटोवर त्या फुली मारू देत नसत, पुष्पाच्या चेहऱ्याखाली बोट ठेवून उभ्या राहत आणि स्टुडिओवाल्याकडून वदवून घेत, "कोण मोठी करायची? बोला."

पुढे जमिनींना भाव आले. खाडीकाठची शेतं गेली, गोदामं आली आणि गोदामांबरोबर दिवाणखाने आले. दिवाणखान्यात वडिलांचा फोटो हवाच. दापोड्याच्या एका शेठने वडिलांचा फोटो दाराएवढा करून घेतला आणि तो बघायला इंदूताईंना मुद्दाम बोलावलं. मीही गेलो, चहा चांगला मिळेल असा अंदाज होता. फोटोत म्हातारबाबांना कोट, टाय आणि खिशाला पेन. मागे बर्फाचे डोंगर.

"कसा वाटला, ताई?" शेठने विचारलं.

"कोट छान हाय," इंदूताई म्हणाल्या. "पण शेठ, तुमच्या बाबांना मी इंजेक्शनं दिलीत. त्यांना सदरा वर करा असं सांगायची वेळ माझ्यावर कधी आली न्हाय, कारण सदरा नसायचाच."

शेठ हसला. मोठ्या मनाचा होता, किंवा त्याला पुरतं ऐकू आलं नसावं. परत येताना मी म्हणालो, "इंदूताई, कोटामुळे त्यांना समाधान मिळतं, तर मिळू दे की." त्यांनी पर्स दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "मिळू दे ना. मी कुठं अडवते? पण म्हातारा एवढा थंडीत चिखलात उभा राहिला, तो आता त्या घरात कुठंच न्हाय."

वर्षं अशी गेली. नातेवाईक म्हणत, कोणतातरी लावून टाका, रिकामा खिळा बरा दिसत नाही. इंदूताई म्हणत, "रिकामा कुठं? छत्री हाय." मला आतून वाटू लागलं होतं की बाईंना फोटो नकोच आहे, शोधच हवा आहे. पण असं काही बोलण्याइतका मी शहाणा नव्हतो, हे एक बरं झालं.

नव्वदच्या पुढे ठाण्यात एक लॅब निघाली. तिथे कॉम्प्युटरवर फोटो घेऊन दुरुस्त करत आणि मोठा छापत. आम्ही गेलो. इंदूताईंनी पडलेले फोटो मागितले, तर काउंटरवरच्या चष्मा लावलेल्या बाईंनी न कुरकुरता गठ्ठा पुढे केला. इंदूताईंनी कान बघितले. मग पर्समधून लग्नाचा फोटो काढला. त्याच्या कडा एव्हाना मऊ पडल्या होत्या. त्यांनी बोट ठेवलं आणि पाठ केल्यासारखं सुरू केलं, "ही मोठी करायची. दात काढायचा न्हाय. मान वळवायची न्हाय..."

"रंग कसा होता यांचा?" त्या बाईंनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता.  इंदूताईंनी बाही वर सारली आणि आपला हात काउंटरवर आडवा ठेवला. "हा. याच्याहून थोडा जास्त. परीक्षेच्या दिवसांत आणखी जरा, उन्हातून चालत जायची."

आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्या बाईंनी छापलेल्या लहान लहान पट्ट्या आणल्या, प्रत्येकीवर पुष्पाचा गाल, प्रत्येक गाल थोडा वेगळा. त्या एकेक पट्टी इंदूताईंच्या हातावर ठेवून बघत होत्या. "ही?" "न्हाय, फिकी." "ही?" "लाल मारते." दुकानातली बाकी गिऱ्हाइकं ताटकळत बघत राहिली. शेवटी एका पट्टीवर इंदूताई काही बोलल्या नाहीत. बाईंनी ती बाजूला ठेवली.

फोटो तयार झाला. मी तो बघितला आणि दहावीच्या वर्गात गेल्यासारखं झालं. काळी, दातावर दात, मान वळवून कोणाकडे तरी बघत हसणारी. आता मी रागवेन म्हणून चेहरा सरळ करील असं वाटावं. इंदूताईंनी फोटो दोन्ही हातांत धरला. मी सवयीने त्यांच्या दोन शब्दांची वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, "छान हाय. बांधून द्या." एसटीत कशेळीचा पूल येईपर्यंत आणि गेल्यानंतरही त्यांनी ते पुडकं मांडीवर आडवं धरलं होतं. झोपलेल्या मुलाला धरतात तसं.

शुक्रवारी माग बंद होते. मी हातोडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. तो जुना खिळा एव्हाना सैल झाला असेल असं वाटलं. खिळ्यावर छत्री होती. पुडकं कपाटावर, दोरीसकट तसंच.

"फोटो नाही लावला?"

"बसा, सर." त्यांनी पाणी आणून दिलं. इमारत इतकी शांत होती की त्या हळू बोलल्या तरी चालत होतं. "ती गेली तेव्हा मी ड्युटीवर होते. निरोप आला, ठाण्याला पोचले. वॉर्डबॉयने चादर बाजूला केली. अंग पिवळं, तोंड पिवळं, ओठ मिटलेले. मी म्हटलं, ही न्हाय. माझी पुष्पी काळी हाय. तो म्हणाला, मावशी, नाव तेच आहे, नीट बघा. मी पुन्हा म्हटलं, ही न्हाय. रोज माणसं बघणारी बाई मी, मला काय कळत नव्हतं? पण म्हटलं. आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं."

मी पेला खाली ठेवला.

"मग प्रत्येक फोटोला तेच म्हणत आले. गोरी पुष्पी आली, गुलाबी पुष्पी आली. ही न्हाय म्हटलं की वाटायचं, मग दुसरीकडे कुठंतरी असंल. आता ही आली. तीच हाय ही, सर. आता मी काय म्हणू?"

मी हातोडी घेऊन परत आलो. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. नंतरही लोक त्यांच्या दाराशी येत आणि त्या सांगत, साधा असेल तर मंडई, घोळक्यातला असेल तर कल्याण. ठाण्याच्या लॅबचं नाव त्यांनी कधी कोणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात इंदूताई गेल्या. हृदयविकाराने, दुपारी, माग चालू असताना. शेजारी असून मला काही ऐकू आलं नाही. त्यांचा भाचा विलास कल्याणहून आला. सगळं त्याने नीट केलं. पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, मावशीचा फोटो नाक्यावर टाकलाय. कॉम्प्युटरवर एका दिवसात देतात. तुम्हाला याच्याहून बरं ठिकाण माहीत आहे का?"

मला माहीत होतं. त्यांच्या हाताचा रंगही मला पाठ होता. मी म्हणालो, "नाही. तिथलाच चांगला येईल."

दुसऱ्या दिवशी फोटो खिळ्यावर होता. छत्री कोणीतरी कोपऱ्यात उभी केली होती. निवृत्तीच्या समारंभातला चेहरा उचललेला. प्रमुख पाहुणे, शाल आणि नारळ कापून टाकलेले. इंदूताई साबणाच्या जाहिरातीतल्या बाईसारख्या गोऱ्या, कपाळावर एकही सुरकुती नाही, मागे कुठलीशी बाग. खाली माग चालू होते आणि फोटो थरथरत हळूहळू डावीकडे कलत होता. विलास हलकेच म्हणाला, "कसा आलाय, सर?"

"छान आलाय," मी म्हणालो.

माझी पाळी आली तेव्हा मी फूल ठेवलं आणि सवयीने आधी कान बघितले. कान भलत्याच कोणाचे तरी होते. ही नाही, मी मनात म्हणालो, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं.