आईचा पाढ्यांचा प्रोग्राम

आमची आई म्हणजे निवृत्त झालेली गणिताची बाई. राजारामपुरीतल्या घरी संध्याकाळी ती पोरांचे पाढे घेते, आणि तेही स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर! मी पाचवीत असताना तिच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा हौसेनं शिकून तिनं तो प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर प्रश्न येतो, पोरगं विचार करतं, थोड्या वेळानं उत्तर दिसतं. बास, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात तिचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. मी पुण्याहून नवाकोरा घेऊन आलो, जुन्याच्या डिस्कवरची फाईल त्यात टाकली, तर तो प्रोग्राम उघडेचना. फाईल जुन्या सिस्टिमसाठी बनवलेली, नव्या सिस्टिमला ती चालवताच येईना. मूळ कोड असता तर नव्यानं बनवून दिली असती, पण तो ज्या फ्लॉपीवर होता तिला केव्हाच बुरशी लागलेली.

"आई, मोबाईलवर पाढ्यांची छप्पन्न ॲप हायत."

"न्हाय जमायचं. ह्यो चालला न्हाय तर क्लास बंद."

ती बोलते ते करते. आणि क्लास बंद झाला तर रिकाम्या घरात ती दिवसभर करणार काय?

मग मी जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम टाकला आणि ऐटीत त्याचा वेग पार टोकाला नेला. पोरं जमली. आईचा प्रोग्राम सुरू झाला की! पण कसलं काय, प्रश्न दिसतोय न दिसतोय तोच उत्तर हजर. पोरं खो खो हसायला लागली. मधे थांबण्यासाठी आईनं मशीनला गुपचूप एका भल्यामोठ्या आकड्यापर्यंत मोजायला लावलं होतं, आणि हे नवं मशीन क्षणात मोजून मोकळं!

"वेग कमी कर," आई म्हणाली.

"किती?" मी वैतागलो. "काय माप हाय का त्याला?"

"हाय की. सतरा साते किती?"

एवढा इंजिनिअर मी, पण अडकलो. ओठांतल्या ओठांत सतराचा पाढा पहिल्यापासून म्हणत गेलो. "एकशे एकोणीस!"

"हां. एवढा वेळ पायजे."

मी वेग उतरवत गेलो, ती पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न मला विचारत राहिली. शेवटी माझं आणि पडद्याचं उत्तर एकदम आलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"पण माझंच माप का गं?"

"मग कुणाचं? पाढ्यात सगळ्यात ढ तूच हुतास की. तुझ्यासाठीच तर लिहिलता त्यो."