मंदाआत्याचे लेख, माझं नाव

मंदाआत्या आज सकाळी गेली.
ज्या लेखांवर मला नोकरी लागली, ते लेख तिचे होते.

घरात हे कोणालाच माहीत नाही. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांच्या देखत.

मंदाआत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. मूळची आष्टीची. राहायची पिपरी मेघेला, दोन खोल्यांत, एकटी. वर्ध्याच्या एका साप्ताहिकात तिने उभं आयुष्य प्रूफं तपासण्यात घालवलं. ते बंद पडलं तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती.

मी तेव्हा बी.ए. करून घरी बसले होते. एक दिवस ती फोन घेऊन आली.
"मोबाइलवर लिवाचं काम भेटते म्हने. मले शिकव न व."

एका फ्रीलान्सिंग साइटवर तिचं प्रोफाइल बनवायला घेतलं. तिने फोटो दिला. जाड भिंगाचा चष्मा, तेल लावून चापून बसवलेले केस.
मी हसले. "आत्या, हा फोटो पाहून कोणी काम देणार नाही."
"मंग तुया टाक."

मी माझा टाकला.
मग नावही माझंच टाकलं. तात्पुरतं म्हणून.

लिहायची ती, प्रपोजल पाठवायचे मी. कित्येक महिने कोणाचा रिप्लाय नाही. एकाने फुकट सॅम्पल मागितलं. आत्याने दोन दिवस खपून उन्हाळ्यातल्या आजारांवर लेख लिहून दिला आणि क्लायंट गायब. पंधरा दिवसांनी तोच लेख एका वेबसाइटवर दिसला, दुसऱ्याच्याच नावाने.

आत्याने तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला.
"चोरला तं चोरला, वरून ऱ्हस्व-दीर्घ बी बिघडवलं बेट्यानं."

त्या चोराला मी तेव्हा फार शिव्या दिल्या होत्या.

मग पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. आजारांची माहिती, सोप्या मराठीत. आत्या बसने सेवाग्रामला जायची, दवाखान्यात ओपीडीबाहेरच्या बाकावर बसायची आणि पेशंट कसे बोलतात ते ऐकायची. घरी येऊन एका बोटाने टाइप करायची. "छातीत अस्वस्थता जाणवते" असं तिने कधी लिहिलं नाही. "छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं" असं लिहायची.

लेख कंपनीला इतके आवडले की त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. मी कॅमेऱ्यासमोर. आत्या लॅपटॉपच्या मागे, स्टुलावर.
पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "मृणाल, ही भाषा कुठून आणतेस गं?"
आत्या माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, "लोकांचं बोलणं ऐकते मी."
"फुलटाइम जॉइन होशील?"

आत्याकडे न बघता मी हो म्हटलं.

कॉल संपला. ती उठून चहा ठेवायला गेली. आतूनच म्हणाली, "बरं केलं. मले कोनं घेतलं असतं?"
हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. खरं तेच लिहितेय.

पुण्यात मला तसं लिहिता येईना. "आत्या, फक्त एक नजर टाक" म्हणून ड्राफ्ट पाठवायचे. ती पहिल्या ओळीपासून नवा लिहून द्यायची. त्यावर मी एडिटर झाले. बाहेरच्या लेखकांमधून कोणाला काम द्यायचं, कोणाला नाही, हे माझ्या हातात आलं.

मागच्या वर्षी आमच्या जाहिरातीवर एक अर्ज आला.
मंदा. पिपरी मेघे, वर्धा.
मला न सांगता केलेला. या वेळी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसह.

सोबतचा लेख ऑफिसात कोणीही वाचला असता, तर आमचे सगळे गाजलेले लेख कोणी लिहिलेत ते दोन ओळींत कळलं असतं.

मी तो कोणाला दाखवलाच नाही. टीमच्या ईमेलवरून, खाली नाव न घालता, उत्तर पाठवलं: आपली भाषा ग्रामीण आहे . आमच्या वाचकांसाठी योग्य नाही .

संध्याकाळी तिचा फोन.
"तुया कंपनीनं नाई म्हटलं व मले."
"हो का?"
"भाषा बरोबर नाई म्हनते. तू पाहजो न जरा, कुठं चुकलं माय."
"पाहते."
तिने लगेच फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "बरं. जेवली का?"

मी पाहिलं नाही. तिने परत विचारलं नाही.
माझे ड्राफ्ट मात्र ती दुरुस्त करून पाठवत राहिली. शेवटचा परवाच पाठवला. आज सकाळी अंगणात फुलं तोडताना पडली, ती उठलीच नाही.

पुण्याहून मिळेल त्या विमानाने मी पोचले तोवर तिला नेण्याची तयारी झाली होती. लोक घाटावरून परतल्यावर शेजारच्या शोभाकाकूंनी मला बाजूला घेतलं. आत्या त्यांच्याशी सगळं बोलायची.

"ते नाईचं पत्र तूच लिवलं होतं न?"
"कोण म्हणालं?"
"मंदाबाईच म्हने. तू पूर्णविरामाच्या आधी जागा सोडते, शायेपासून. त्या दोन ओळीत दोनदा सोडली होती."

मी विचारलं, "मग तिने मलाच का विचारलं, कुठं चुकलं म्हणून?"

काकू म्हणाल्या, "तू कबूल करशीन असं वाटलं असंन तिले. फोन ठेवल्यावर बी लय वाट पाहून राह्यली होती ते."

कमेंटमध्ये कृपया माझं सांत्वन करू नका. मी किती हळवी, किती प्रामाणिक, हेही नको. ती असताना एक फोन करायचा होता, तेवढंही माझ्याने झालं नाही.

कंपनीतले लोक हे वाचतील. वाचू देत. साइटवर मृणाल या नावाखाली तुम्हाला जे जे आवडलं, ते मंदाआत्याने लिहिलंय.

आत्या, भाषा तुझीच बरोबर होती.
तुला शेवटचा नमस्कार.